पितरांचा खुराक

सर्वपित्री अमावस्येला सकाळी साडेनऊच्या सुमारास पार्बताबाई वडे-खिरीचं ताट घेऊन केशवरावांच्या गोठ्यापाशी आली आणि जागीच थबकली. गोठ्याच्या दारात आडवी बाज टाकलेली होती. बाजेवर जयवंता मांडी ठोकून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसली होती, आणि बाजूला तिनं एक काठी टेकवून ठेवली होती. सांबाराच्या जुड्या बांधायला काठी लागत नाही, हे पार्बताबाईच्याही लक्षात आलं.

"सरक वं जयवंता. गाईले पान द्याचं हाये."

"गाय नाही जेवत आज."

"काहून? उपास हाये काय तिले?"

"उपास कायचा? तिचं जेवन ठरलेलं हाये. तुह्या ताटातलं काहीच त्याच्यात बसत नाही."

पार्बताबाईला वाटलं, बाई गंमत करते. ती बाजेला वळसा घालून आत जायला लागली. जयवंतानं जुडी न सोडता डाव्या हातानं काठी उचलली आणि दारात आडवी धरली. मारण्यासाठी नव्हे, रेल्वेचं फाटक पडतं तशी. पार्बताबाई फाटकाच्या अलीकडे उभी राहिली.

"अवं माय! अमावस्येच्या दिवशी पितराचं पान अडवतं काय तू?"

"पितराचं नाही अडवत. खीर अडवून राहिली."

आता ह्या गाईची गोष्ट सांगितली पाहिजे. वलगावच्या पलीकडे असलेल्या ह्या गावात बारा ट्रॅक्टर होते, काळ्या-पांढऱ्या संकरित गाई चाळीसेक होत्या आणि गावरान गाय एकच उरली होती. ती म्हणजे जयवंताची कवडी. कवडीसारखीच पांढरीशुभ्र, बांध्यानं लहान, शिंगं आखूड आणि स्वभावानं मालकिणीवर गेलेली. पितरांचं पान संकरित गाईला चालत नाही, असं आळीतल्या वडीलधाऱ्या खुशालरावांनी फार वर्षांपूर्वी जाहीर करून टाकलेलं होतं. "परदेशातल्या गाईले आपल्या बापाचं नाव तरी समजन काय?" असा त्यांचा सवाल होता, आणि त्याचं उत्तर गावात कोणाकडेच नव्हतं. त्यामुळे बारा महिने कवडीकडे ढुंकूनही न पाहणारी अख्खी आळी अमावस्येच्या दिवशी ताटं घेऊन तिच्या दारात रांग लावायची.

गेल्या वर्षी तेवीस ताटं आली होती. जयवंतानंच हसतमुखानं दार उघडलं होतं, वर ज्याला-त्याला हळदकुंकू लावलं होतं. कवडीनं तेवीस घरची खीर, तेवीस घरचा भात, वडे, कढी, पुरणपोळ्या असं सगळं मुकाट्यानं खाल्लं. गाय बिचारी, तिला नको म्हणता येत नाही. दोन वाजता तिनं रवंथ सोडला. चार वाजता तिची डावी कूस टणक झाली आणि ती बसली ती उठेना. जनावरांचे डॉक्टर आले, सलाइन लागली, नाकातून नळी गेली. गाय वाचली, पण पोटातलं पाच महिन्यांचं वासरू तिसऱ्या दिवशी पडून गेलं.

"गाईचं पोट म्हणजे चाऱ्यावर चालणारा कारखाना आहे, बाई," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. "त्यात एकदम ढीगभर गोड आणि शिजवलेलं गेलं की सगळं आंबून जातं. लोक पुण्य म्हणून देतात, आणि गाय त्यानं मरते."

त्या वासराचे इवलेसे खूर जयवंतानं पाहिले होते. तिनंच ते पोत्यात गुंडाळून बांधाला पुरलं. तेवीस घरांतलं एकही माणूस 'गाय कशी हाये वं' म्हणून विचारायला आलं नव्हतं, आणि ही गोष्ट जयवंताच्या मनात वर्षभर ठसठसत होती. कवडी त्यानंतर दोनदा उलटली, म्हणजे फळवूनही गाभण राहिली नाही. पौषात कुठे ती गाभण राहिली आणि आता नववा महिना सरत आला होता. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, की पुन्हा तसं झालं तर वासरूही हाती लागणार नाही आणि गायही. जयवंतानं त्यांच्याकडून कागदावर खुराक लिहून आणला होता. दिवसाला पंधरा किलो हिरवा चारा, चार किलो कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा, दोन किलो सरकीची ढेप म्हणजे पेंड, पन्नास ग्रॅम क्षारांची पावडर, तीस ग्रॅम मीठ. हे सगळं भाजीच्या तराजूवर मोजायचं आणि दिवसातून तीनदा वाटून द्यायचं. स्वतःच्या नवऱ्याला तिनं कधी इतकं मोजून वाढलं नव्हतं.

नवरा म्हणजे केशवराव. देवमाणूस. 'नाही' हा शब्द त्यांना लहानपणी कोणी शिकवलाच नव्हता. उसनं मागणाऱ्याला 'हाव', म्हणजे हो, वर्गणी मागणाऱ्याला हाव, वांगी फुकट मागणाऱ्याला तर पिशवीसकट हाव. पार्बताबाईचा आवाज चढलेला ऐकताच ते दाराआडून म्हणाले, "मी जरा विहिरीवरची मोटर पाहून येतो," आणि मागच्या दारानं सटकले. जयवंतालाही ते बरंच वाटलं. लढाईत असला शिपाई नसलेलाच बरा.

दहा वाजेपर्यंत बाजेसमोर पंधरा-सोळा ताटं जमली. खीर निवायला लागली, माणसं तापायला लागली. मग गर्दीतून वाट काढत खुद्द खुशालराव आले. वय अठ्ठ्याहत्तर, धोतर पांढरंफेक, हातात वेताची छडी आणि मागं ताट घेऊन सून. आळीतल्या सगळ्या सुनांचे ते मामाजी.

"सूनबाई, काय तमाशा चालू हाये हा?"

जयवंतानं डोक्यावरचा पदर सारखा केला. मान ठेवायचा तितका ठेवला, बाज मात्र हलवली नाही.

"तमाशा नाही मामाजी. गाय नववा सरलेली हाये. डॉक्टरनं शिजोलेलं बंद सांगतलं."

"डॉक्टरले काय समजते? माहा बाप वर्षातून एक डाव जेवाले येते. त्याले उपाशी लावू काय?"

"तुमचा बाप जेवन करून निघून जाईन मामाजी. मागं माही गाय मरन."

"अवं पन गावाची रीत हाये!"

"रीत तुमची, पोट तिचं. मांगच्या वर्षी वासरू गेलं माहं. रीत आली होती काय पुराले? मी एकलीच होती बांधावर."

मग माजी सरपंचांचा मुलगा किसनराव पुढे सरकला. त्याला गप्प बसवत नसे.

"एवढं काय व काकू त्याच्यात? माह्या एका पोळीनं काय होते?"

"तुही एक, त्याची एक, असं करता करता तेवीस होते किसना. अन् तू तं बोलूच नोको. तुहे बाबा शेवटी शेवटी घोटभर च्यासाठी ह्या वट्यावर येऊन बसत होते. तवा खीर कुठी होती तुही?"

किसनरावाचा हात आपोआप ताटावर गेला आणि त्यानं खिरीवर झाकण ठेवलं. दोन-तीन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. खुशालरावांनी छडी आपटली.

"भांडन नोको! गाय खाते म्हंजे पितराले पोचते. हे शास्त्र हाये. तू खाऊ देत नसशीन तं आमी पितर पोचवाचे कसे, ते सांग."

इथे जयवंताची सून रूपाली मधे पडली. लग्नाला सहाच महिने झालेले, त्यामुळे सासू गावाशी भांडते आहे याची तिला अजून भीती वाटत होती. ती हळूच म्हणाली, "आई, कागदावर जे लिहिलं हाये तेच ह्या सगळ्यायनं आनलं तं?"

जयवंतानं सुनेकडे पाहिलं. पोरगी कामाची निघाली, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं.

"आयका मामाजी. तुमीच म्हनता ना, गाय खाते ते पोचते? मंग गाईनं काय खावं ते गाईले ठरवू द्या. हिरवा चारा आना, कुटार आना, ढेप आना. आपल्या बापाचं नाव घ्या अन् टाका. पन माह्या तराजूवर मोजून. खुराकाच्या वर एक काडी जानार नाही."

खुशालरावांनी बराच विचार केला. त्यांचंच शास्त्र त्यांच्या अंगावर आलं होतं. खीरच पाहिजे असं म्हणावं, तर गाय खीर खाऊन काय होते ते गेल्या वर्षी गावभर झालेलं. शेवटी ते म्हणाले, "ठीक हाये. आमच्या नारायणरावाच्या नावानं ढेप."

आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. कारण गाय एक, खुराक ठरलेला आणि पितर तेवीस घरचे. रूपाली वही घेऊन बसली. दोन किलो ढेपेत माणशी अर्धा किलो धरला तरी चारच पितर बसत होते. ढेपेच्या चार जागा पाच मिनिटांत भरल्या. उरलेल्यांना चारा नाहीतर कुटार.

"माह्या बापाले कुटार?" किसनराव ओरडला. "गावचा सरपंच होता तो! पंधरा वर्षं! अन् त्याले सोयाबीनचं कुटार?"

"तुरीचं देतो, सोयाबीनचं नाही," जयवंता म्हणाली. "तुरीचं पौष्टिक असते."

"आमचे हे तं हिरवं पाहूनच ताट लोटत होते वं," पार्बताबाई रडकुंडीला आली. "जन्मात पालक नाही खाल्ली मानसानं. अन् तू त्यायले हिरव्यात टाकून राहिली!"

"आता तरी खातीन, पार्बताबाई. आता दात पडाची भीती नाही."

सगळ्यात बिकट प्रश्न क्षारांच्या पावडरीचा झाला. आळीच्या टोकाला राहणाऱ्या बंडू आणि श्याम या दोघा भावांनी वाटणीनंतर दहा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. दोघंही उशिरा आले, दोघांचा बाप एक, आणि वहीत पन्नास ग्रॅम पावडरीशिवाय काही शिल्लक नव्हतं. रूपालीनं दोघांचं नाव एकाच ओळीत लिहिलं तशी दोघंही उसळले. वावराची, विहिरीची, बैलजोडीची वाटणी झाली होती. बापच तेवढा वाटायचा राहिला होता. शेवटी जयवंतानं सांबार तोलायचा लहान काटा काढला आणि बाप पंचवीस-पंचवीस ग्रॅम वाटून दिला. काटा बरोबर मधे उभा आहे ना, हे दोघांनीही खाली वाकून तपासलं. त्यात त्यांची डोकी एकमेकांवर आपटली आणि दहा वर्षांनी पहिला शब्द निघाला. तो शब्द इथे लिहिण्याजोगा नाही, पण निघाला हे खरं.

मग वेळेवरून वाद निघाला. खुराक तीन वेळा द्यायचा, म्हणून जयवंतानं तीन पंगती ठरवल्या. संध्याकाळच्या पंगतीतले लोक बिथरले.

"दिवस मावळता पितर जेवते काय कोठी?" एकानं विचारलं.

"तुहे बाबा जिते होते तवा कवा जेवत होते?" जयवंता म्हणाली. "वावरातून आल्यावरच ना? मंग सवयीनं येतीन बराबर."

अकरा वाजता पहिली पंगत बसली. कवडीनं नारायणरावांची ढेप आणि तीन सासऱ्यांचा हिरवा चारा शांतपणे संपवला आणि एकदा जोरात फुसकारली. तेवढ्यावर खुशालरावांनी डोळे मिटून हात जोडले. गर्दी पांगली. आपापली खीर घेऊन लोक घरोघरी गेले आणि ती त्यांनी स्वतःच खाल्ली असावी. जयवंतानं काठी भिंतीला टेकवली, पदरानं घाम पुसला आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. सगळ्या गावाच्या समोर उभी राहिली होती ती, आणि तसूभर हलली नव्हती.

फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. वहीत घरं सोळाच होती. सात घरं तराजूपाशी आलीच नव्हती. जयवंताला वाटलं, त्यांना अक्कल आली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला निदान एवढं तरी कळायला हवं होतं, की अक्कल अशी सात-सात घरांना एकदम येत नसते.

एक वाजता रूपाली गोठ्यामागच्या ढिगातून कुटार काढायला गेली आणि तिथूनच किंचाळली, "आईSS!"

जयवंता धावली. ढिगाच्या आडोशाला ताटं एकावर एक रचलेली होती. मोजली तर आठ. ताटं चाटूनपुसून स्वच्छ. दोन ताटांत फक्त भात उरला होता आणि एका वाटीच्या कडेला खिरीचा एक काजू चिकटलेला होता.

मागच्या बाजूनं गोठ्याला एक झरोका होता. तिथून कोणीतरी ताटं आत सारली. ती समोर काठी घेऊन बसली होती आणि मागून गायीच्या तोंडात आठ घरची खीर गेली. ती तशीच पळत आत गेली, कवडीच्या डाव्या कुशीवर हात ठेवला. कूस मऊ लागली. कवडी रवंथ करत होती. पण गेल्या वर्षीही ती दोन वाजेपर्यंत रवंथ करतच होती. जयवंतानं डॉक्टरांना फोन लावला.

"साहेब, लवकर या. आठ पानं खाल्ली. कोनं चारली मालूम नाही. या लवकर, पाया पडतो तुमच्या."

मग ती ताटं घेऊन आळीच्या मधोमध उभी राहिली. जयवंताचा आवाज तसा मोठाच होता. त्या दिवशी तो वलगावपर्यंत गेला असावा.

"कोनं चारलं माह्या गाईले? या समोर! सांगून ठेवतो, माह्या कवडीले काही झालं तं तुमचे पितर नाही, तुमीच जेवाले येसान माह्या दारात कावळे होऊन! एक एक ताट वाचून दाखवतो मी. भांड्यावर नाव टाकाची हाऊस हाये ना सगळ्यायले?"

माणसं दारादारात उभी राहिली. जयवंतानं पहिलं ताट उचललं. मागं नाव नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. तिसरं ताट तिनं उन्हात धरलं आणि ती थांबली. ताटाच्या काठावर वळणदार अक्षरांत कोरलेलं होतं, 'खु. ना.'

सगळ्यांच्या माना एकदम खुशालरावांच्या ओट्याकडे वळल्या. खुशालराव खांबामागे होते, पण खांब बारीक होता.

"मामाजी!" जयवंताचा आवाज उतरला, आणि तो जास्तच भयंकर वाटला. "ढेपही तुमची अन् खीरही तुमचीच? तुमचा बाप दोन दारायनं जेवला काय?"

"सूनबाई, आयकून तं घे," खुशालराव चाचरले. "म्या गाईले नाही देल्लं. मांगच्या बाजूनं केशवराव उभा होता. म्या म्हनलं, बाप्पा, मनाले बरं वाटत नाही निस्ती ढेप. तं तो म्हने, ठेवा, पोचवतो."

"आमालेही तेच म्हनले," मागून कोणी तरी म्हणालं.

"आमालेही. ठेवा म्हने, पोचवतो."

जयवंता काही बोलायच्या आत डॉक्टरांची मोटरसायकल आली. डॉक्टर सरळ गोठ्यात गेले. मागून सगळी आळी. त्यांनी कवडीच्या कुशीवर मूठ दाबली, कानाला नळी लावून ऐकलं, डोळ्यांत पाहिलं, शेण पायानं पसरवून पाहिलं. जयवंतानं कवडीचं शिंग घट्ट धरून ठेवलं होतं आणि तिच्या डोळ्यांतून आपोआप पाणी वाहत होतं.

"गाय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "पोट मऊ, रवंथ चालू, वासरूही हलतंय. हिनं भाताचं शीतसुद्धा खाल्लेलं नाही, बाई."

जयवंता मटकन खाली बसली आणि तिनं कवडीच्या पायाला मिठी मारली.

"मग आठ पानं खाल्ली कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

तेवढ्यात झरोक्यापलीकडून, कुटाराच्या ढिगाच्या आतल्या अंगानं, एक खोल, लांबलचक आवाज आला. "हाय वं माSSय."

सगळे मागं धावले. केशवराव कुटारावर आडवे पडले होते. सदऱ्याच्या खालच्या तीन गुंड्या सुटलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, ओठाला खीर. गेल्या वर्षी कवडी ज्या कुशीवर पडली होती, बरोबर त्याच कुशीवर.

"अवो!" जयवंता ओरडली. "आठ? आठ घरची पानं?"

"साडेसहा," केशवराव क्षीण आवाजात म्हणाले. "दोन ताटातला भात नाही गेला."

"पन काहून?"

"कोनाले नाही म्हनवत नाही मले, तुले मालूम नाही काय? लोकं मांगून आले. म्या म्हनलं, ठेवा. समोर तू काठी घेऊन बसलेली. गाईले देनं शक्य नाही. कावळ्यायले ठेवलं तं त्यायचे सकायपासून पोटं भरलेले. एक कावळा आला, त्यानं वडा उलटा करून पाहिला अन् निंगून गेला. फेकावं तं अन्न. म्हशीले द्यावं तं तिलेही पोट हाये. कुत्र्याले द्यावं तं मामाजीच्या बापाचं पान हाये ते! मंग म्हनलं, शब्द देल्ला हाये आपन, पोचवतो म्हनून." त्यांनी एक दीर्घ ढेकर दिली. "पोचवलं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "यांना ताबडतोब माणसांच्या दवाखान्यात न्या. माझ्याकडे सोडा आहे, पण तो तीनशे किलोच्या हिशेबानं आहे. आणि गाडी येईपर्यंत बसू देऊ नका, फिरवा."

गाडी यायला वीस मिनिटं लागली. तोवर केशवरावांना अंगणात फिरवलं. एका बाजूनं बंडूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं श्यामनं, कारण तेच दोघं सर्वांत दणकट होते. फेरी घेताना दोघांना एकाच पावलानं चालावं लागत होतं. 'डावा उचल', 'आता थांब', असं बोलावंही लागत होतं. खुशालराव मागून सूचना देत होते, "रवंथ करते काय पाहा जरा!" जयवंतानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुढची सूचना गिळून बसले.

पण गाव ते गाव. फेऱ्या चालू असतानाच तिकडे निराळा वाद पेटला. ज्या घरांची खीर केशवरावांनी खाल्ली होती ती म्हणायला लागली, की आमचं पोचलं. केशवरावांसारखा पापभीरू माणूस, गाईहून काय कमी? तर ढेप-कुटारवाले म्हणाले, माणसानं खाल्लं तर ते जेवण झालं, पान नाही झालं. त्यात किसनराव भडकला. सरपंचाला कुटार आणि त्या लोकांच्या बापांना खीर, हे त्याला सहन होईना. तो घरी गेला आणि झाकलेली वाटी घेऊन परत आला.

"काकू, एक चमचाच. काकाच्या तोंडाले लावतो फक्त. बाबाच्या नावानं."

जयवंता उठली. केसाची बट कानामागं सारली, पदर खोचला आणि नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली. हातात काठी नव्हती. आता तिला तिची गरजच नव्हती.

"आयका सगळे," ती म्हणाली. "माही गाय असो का माहा नवरा असो. त्याच्या पोटात काय जाईन ते मी ठरवीन. तुमाले तुमचे मायबाप एवढेच आठवत असतीन तं जिते हायेत त्यायले विचारा, जेवला काय म्हनून. घरोघरी बसले हायेत म्हातारे. त्यायच्या मुखात घाला खीर. ते गिळतीनही अन् तुमाले आशीर्वादही देतीन. अन् पुढच्या वर्षी ज्याले पान द्याचं असंन त्यानं गवताचा भारा घेऊन यावं. नाहीतं येऊच नये. रीत बुडत असंन तं बुडू द्या. तिले पोहता येत नसंन तं मी काय करू?"

किसनराव वाटी घेऊन उभाच राहिला. मग त्यानं मागं वळून पाहिलं. त्याच्या ओट्यावर त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती आणि कधीची वाटीकडेच बघत होती. तो खालच्या मानेनं तिकडे चालता झाला. केशवरावांना गाडीत घातलं. दवाखान्यातून ते दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. आठ दिवस त्यांना मुगाची पातळ खिचडी मिळाली, तीही तराजूवर मोजून.

कोजागिरीच्या दोन दिवस आधी कवडी व्याली. भर दुपारी, काही त्रास न देता. कालवड झाली. कपाळावर मळकट ठिपका आणि बाकी सगळी आईसारखी पांढरी. तासाभरात ती चार पाय चार दिशांना टाकत उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. जयवंता तिच्यासमोर उकिडवी बसली होती आणि काही कारण नसताना तिच्याशी भांडल्यासारखी बोलत होती. "उठ नं वं. उठ. कोनाच्या बापाले भेतं तू?"

संध्याकाळी खुशालराव आले. पंधरवडाभर ते ह्या बाजूला फिरकले नव्हते. आपलं ताट परत न्यायला आलो म्हणाले, पण ताट घेऊनही गेले नाहीत. ओट्यावर टेकले आणि कालवडीकडे बघत बसले.

"देखनी हाये."

"हाव," जयवंता म्हणाली. ती कवडीपुढं चारा टाकत होती.

"मले साखर निंगाली सूनबाई. डॉक्टरनं गोड बंद केलं. सून च्यात चिमूटही टाकत नाही. पोरगं म्हने, बाबा, तुमचा जीव मोठा का खीर मोठी?" खुशालराव छडीनं मातीत रेघोट्या ओढत राहिले. "आता मी म्हनतो, जितेपनी नाही देत अन् मेल्यावर वाटीभर गाईपुढं ठेवतीन. काय फायदा हाये काय त्याच्यात?"

"नाही."

"तेच म्हनतो मी." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि आवाज एकदम खाली आणला. "तं तुह्या त्या वहीत माहं नाव आतापासूनच लिहून ठेव. ढेपेत. कुटारात नोको टाकू बाप्पा मले. लय घशाले लागते ते."

जयवंतानं हातातला चारा खाली ठेवला. ह्या माणसाशी ती वर्षभर मनातल्या मनात भांडत आली होती. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हातारा खरंच वाळला होता.

"ढेपेले लय नंबर लागले हायेत मामाजी," ती म्हणाली. "तुमी काही घाई करू नका."